‘सर्च’ : गावानेच गावाला सांगितलेल्या आरोग्याची चाळीस वर्षे

नागपूरहून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी अशी गावे मागे टाकत गडचिरोलीला पोचायचे तर साधारण पावणेदोनशे किलोमीटर कापावे लागतात. आज ही वाट सोपी झाली आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला तेव्हा तशी ती नव्हती. तीन चतुर्थांश भूभाग जंगलाखाली, पावसाळ्यात नद्या-नाल्यांना पूर आला की गावेच्या गावे तुटायची. सरकारी नोकराची गडचिरोलीला बदली झाली की घरात रडारड व्हायची. अशा जिल्ह्यात १९८६ साली नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून, म्हणजे नागपूरकरांच्या ‘मेडिकल’मधून, शिकून बाहेर पडलेले एक डॉक्टर दांपत्य स्वखुशीने राहायला गेले. सोसायटी फॉर एज्युकेशन, अ‍ॅक्शन अँड रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ, म्हणजेच ‘सर्च’, या संस्थेचा प्रारंभ तिथला.

संस्थेच्या चाळीस वर्षांकडे अनेक बाजूंनी पाहता येईल. रुग्णालय म्हणून, संशोधन केंद्र म्हणून, तरुणांची शाळा म्हणूनही. या लेखात भर आहे तो एका धाग्यावर. आरोग्याचा निरोप घरात पोचावा, पटावा आणि त्याप्रमाणे घरातले वागणे बदलावे, यासाठी संस्थेने गावातली माणसे आणि गावातली साधने कशी कामाला लावली, तो हा धागा. माझ्या मते ‘सर्च’ची सर्वांत मोठी देणगी हीच आहे, आणि तिची नोंद शोधनिबंधांपेक्षा स्मरणिकेत अधिक विस्ताराने व्हायला हवी.

पूर्वतयारी : १९७७ ते १९८५

डॉ. अभय बंग वर्ध्याचे. वडील ठाकूरदास बंग सर्वोदयी कार्यकर्ते आणि अर्थशास्त्राचे अध्यापक. मुलाचे शालेय शिक्षण सेवाग्रामच्या नई तालीममध्ये झाले. डॉ. राणी बंग माहेरच्या चारी, चंद्रपूरच्या. दोघांनी नागपुरात एम.डी. केले, अभय यांनी मेडिसिनमध्ये आणि राणीताईंनी स्त्रीरोगशास्त्रात. १९७७ मध्ये लग्न झाले आणि शहरात दवाखाना टाकण्याऐवजी दोघे वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांत कामाला लागले. शेतमजुरांच्या किमान वेतनाचा प्रश्न अभ्यासताना त्यांना एक गोष्ट ध्यानात आली. नीट केलेला अभ्यास मोर्च्याइतकाच प्रभावी असू शकतो. मग हा अभ्यास शास्त्रशुद्ध पद्धतीने शिकण्यासाठी दोघे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले. तिथे डॉ. कार्ल टेलर यांच्यासारखा गुरू लाभला. १९८४ मध्ये सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन ते परतले.

महाराष्ट्रात त्या वेळी या वाटेवर आधीची पावले होतीच. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून निरक्षर गावकरी बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून उभे केले होते. सेवाग्रामला डॉ. सुशीला नय्यर यांच्या महाविद्यालयातले विद्यार्थी गावात राहून शिबिरे करत होते. गडचिरोलीचे काम या परंपरेतच बसते. तिच्यात त्याने भर घातली ती मोजमापाची: गावात झालेला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवायचा, आणि आपल्या कामाने खरेच फरक पडला की नाही हे आकड्यांना विचारायचे.

पहिले दशक : १९८६ ते १९९५

तेंदूपत्ता साठवण्याच्या एका जुन्या गोदामात संस्थेचे काम सुरू झाले. पहिला मोठा अभ्यास सिकलसेलचा. रक्त तपासले, आजार सापडला, निष्कर्ष जाहीर झाले. पण लोकांनी त्यात रस घेतला नाही, कारण तो प्रश्न त्यांनी विचारलेला नव्हता. त्या काळी त्यावर गावात करता येण्यासारखे फारसे काही नव्हतेही. हा अनुभव संस्थेने मोकळेपणाने सांगितला आहे आणि पुढची सगळी दिशा त्यातूनच ठरली: संशोधन लोकांवर करायचे नाही, लोकांच्या प्रश्नांवर आणि लोकांना सोबत घेऊन करायचे.

मग बायका काय म्हणतात ते ऐकणे सुरू झाले. राणीताईंकडे येणाऱ्या स्त्रिया सांगायच्या एक आणि दुखायचे दुसरेच. अंगावरून पांढरे जाणे, पाळीचे त्रास, कंबरदुखी याबद्दल बोलायची सोयच नव्हती. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. सरासरी काढली तर बाईमागे साडेतीनाहून अधिक आजार. यापूर्वी कधीतरी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला आणि जगभरच्या आरोग्य धोरणांत गर्भारपण व कुटुंबनियोजन यांच्या पलीकडच्या स्त्रीआरोग्याची चर्चा सुरू झाली.

परंतु या अभ्यासाचा गडचिरोलीतला परिणाम मला अधिक महत्त्वाचा वाटतो. निष्कर्ष मासिकाच्या पानांत ठेवून संस्था थांबली नाही, ते गावातल्या बायकांपुढे मांडले गेले. गावोगावी जागर झाला. आपल्यालाच हे होते असे नाही, शेजारणीलाही होते, हे पहिल्यांदा उघड बोलले गेले. दाया या कामाचा कणा होत्या. कुठल्या घरात कोणती सून काय सोसते हे दाईला ठाऊक असते, आणि तिचा शब्द सासूही मोडत नाही. पुढे राणीताईंच्या ‘कानोसा’ आणि ‘गोईण’ या पुस्तकांत या बायकांचे आरोग्याचे आणि झाडाझुडपांचे ज्ञान आले. ती पुस्तके म्हणजे ऐकण्याच्या या पद्धतीची साठवण आहे.

याच बायकांनी आणखी एक आजार सांगितला जो कुठल्याही तपासणीच्या कागदावर नव्हता: नवऱ्याची दारू. १९८८ पासून दारूमुक्तीचे आंदोलन उभे राहिले. गावसभा, ठराव, बायकांचे मोर्चे, तरुणांच्या यात्रा, आणि सोबतीला जिल्ह्यातल्या अनेक संस्था व कार्यकर्ते. १९९३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात शासनाने दारूबंदी लागू केली. वर्धा जिल्ह्यातल्या दारूबंदीला गांधींच्या वास्तव्याची पार्श्वभूमी होती. गडचिरोलीची बंदी मात्र लोकांच्या मागणीतून आली. त्या लढ्यात अनेकांनी आपापल्या परीने भाग घेतला. कोणी किती केले याचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही, सर्वांचेच ऋण मानले पाहिजे.

बालमृत्यूंचे कामही याच दशकातले. नोंदी पाहिल्या तर लहान मुलांच्या मृत्यूंत न्यूमोनियाचा वाटा मोठा होता. डॉक्टर दूर आणि वेळ थोडा. अशा वेळी औषध गावातच असायला हवे आणि ते कधी द्यायचे हे गावातल्या माणसाला कळायला हवे. १९८८ पासून ५८ गावांत आरोग्य कार्यकर्ते व दाया यांना शिकवले गेले, ४४ गावे तुलनेसाठी ठेवली गेली. आयांना मुलाची धाप ओळखता येत होतीच. गावात ‘डब्बा’ म्हणतात तो न्यूमोनियाच, ही सांगड घालून दिली की निरोप अर्धा पोचत असे. अडचण होती श्वास मोजण्याची. बहुतेक दायांना साठपर्यंत मोजता येत नव्हते. त्यावर संस्थेने एक साधे यंत्र बनवले: एका मिनिटाची वाळूघडी आणि मण्यांची रांग. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याला हात लागला तर न्यूमोनिया समजून उपचार सुरू करायचा. न शिकलेल्या बाईच्या हाती हे निदान किती भरवशाने येते याचाही अभ्यास झाला आणि तो छापून आला. कार्यक्रमाच्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी आढळले. अंगणात बसून मणी सरकवणाऱ्या त्या दायांना विज्ञानाच्या इतिहासात जागा आहे, असे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो.

या दशकाच्या उत्तरार्धात संस्था गडचिरोली–धानोरा रस्त्यावर चातगावजवळ हलली आणि ‘शोधग्राम’ वसले. रुग्णालय कसे असावे हे आदिवासींनाच विचारले गेले. पांढऱ्या कपड्यांची आणि मोठ्या इमारतींची त्यांना भीती वाटे. रुग्णाला एकटे ठेवून नातेवाइकांना बाहेर काढणे त्यांना मान्य नव्हते. म्हणून झोपड्यांसारख्या छोट्या छोट्या घरांचा दवाखाना झाला, नातेवाइकांना सोबत राहता येईल असा. नाव पडले माँ दंतेश्वरी दवाखाना, देवीच्या नावाने. देवीची जत्रा तिथे भरू लागली आणि गावोगावचे प्रतिनिधी जमून आपल्या भागातले आरोग्याचे प्रश्न कोणते, त्यांतला आधी कोणता घ्यायचा, हे बसून ठरवू लागले. या आदिवासी आरोग्य संसदेतून पुढे आलेल्या प्रश्नांत हिवताप नेहमी वर राहिला. लोकांनी स्वतः पुढे आणलेल्या प्रश्नावर मच्छरदाणीचा आग्रह धरणे सोपे जाते.

दुसरे दशक : १९९६ ते २००५

ज्या कामामुळे गडचिरोलीचे नाव जगातल्या सार्वजनिक आरोग्याच्या वर्गांत शिकवले जाते, ते घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचे काम या दशकात बहरले. त्याची पायाभूत पाहणी १९९३ ते १९९५ मध्ये झाली. ३९ गावांत कार्यक्रम, ४७ गावे तुलनेसाठी. सुरुवातीला दर हजार जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यात दगावत होती.

त्या काळी बाळंतपणे बहुतांशी घरीच होत. पहिला महिना ‘बाळंतघराचा’. त्या खोलीत बाहेरच्याने जायचे नाही, डॉक्टरने तर नाहीच. मग आत जाणार कोण? गावातलीच, थोडे शिकलेली, लग्न झालेली बाई. संस्थेने तिला आरोग्यदूत म्हटले. गावाने तिला निवडले, संस्थेने शिकवले. गर्भारपणापासून तिने घरी जायचे, बाळंतपणाला दाईसोबत हजर राहायचे, बाळ जन्मले की श्वास पाहायचा, वजन करायचे, ताप मोजायचा, आणि त्यानंतर ठरलेल्या दिवशी पुन्हा पुन्हा यायचे.

भेटींमध्ये उपचारांइतकेच बोलणे असे. बाळाला जन्मताच आंघोळ घालायची नाही, कोरडे करून उबदार गुंडाळायचे, डोके झाकायचे. पहिले घट्ट पिवळे दूध फेकायचे नाही. साखरपाणी, मध काही चाटवायचे नाही. गर्भारपणी पोटभर जेवायचे. यातला शेवटचा मुद्दा सगळ्यांत अवघड होता. बाळ मोठे झाले तर बाळंतपण अडेल या भीतीने बायका मुद्दाम कमी खात. ही भीती खोटी आहे असे सांगून भागत नाही. दवाखाना दूर आहे आणि अडलेली बाई मरते हे त्यांनी पाहिलेले असते. म्हणून आरोग्यदूत नुसता उपदेश करत नसे. अडले तर काय करायचे, कुठे न्यायचे, हेही ती त्याच बैठकीत बोलत असे. आया, आज्या, गर्भार सुना यांच्या एकत्र बैठका होत. चित्रे, गाणी, खेळ यांतून तोच निरोप वेगवेगळ्या वाटांनी पुन्हा पुन्हा येई. सुनेला शिकवून सासूला वगळले तर काहीच बदलत नाही, हे इथल्या कार्यकर्त्यांनी फार लवकर ओळखले होते.

बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग झाला तर आरोग्यदूत स्वतः इंजेक्शन देत असे. यावर वैद्यकीय वर्तुळात शंका घेतल्या गेल्या, चर्चा झाली. संस्थेने या शंकांना उत्तर दिले ते नोंदवह्यांनी. तीन वर्षांत नवजात मृत्युदर ६२ वरून २५.५ वर आला; तुलनेच्या गावांशी ताडून पाहता ही घट ६२ टक्के होती. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे ‘अंकुर’ प्रकल्पातून महाराष्ट्रातल्या सात ठिकाणी, ग्रामीण, आदिवासी आणि शहरी गरीब वस्त्यांमध्ये, हीच पद्धत इतर संस्थांनी राबवली.

‘कोवळी पानगळ’ हा अहवालही याच काळातला, २००१ चा. अनेक संस्थांच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातले बालमृत्यू मोजले आणि सरकारी नोंदींत न दिसणारी मुले उघड झाली. वर्तमानपत्रांनी तो विषय लावून धरला, विधिमंडळात आवाज उठला, शासनाने समिती नेमली. आरोग्याच्या प्रश्नावर पत्रकारितेने काय करावे याचे ते उत्तम उदाहरण आहे. नागपूरच्या वृत्तपत्रांचाही त्यात वाटा होता हे इथे आवर्जून नोंदवतो.

आणखी दोन गोष्टी. शाळा-महाविद्यालयांतल्या मुलामुलींसाठी राणीताईंनी ‘तारुण्यभान’ शिबिरे घेतली. शरीर, पाळी, प्रेम, लग्न, लैंगिक आजार यांविषयी मोकळे आणि शास्त्रीय बोलणारी ही शिबिरे त्या काळात धाडसाची होती. आणि डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक २००० मध्ये आले. स्वतःच्या आजारातून शिकलेले त्यांनी लिहिले आणि मराठी घरांत जेवणातले तेल, चालणे, ध्यान यांची चर्चा सुरू झाली. आरोग्य शिक्षणाच्या सरकारी पत्रकांना जे साधले नाही ते या एका पुस्तकाने साधले. २००३ मध्ये दोघांना महाराष्ट्रभूषण पुरस्कार मिळाला.

तिसरे दशक : २००६ ते २०१५

गडचिरोलीत सिद्ध झालेली पद्धत या दशकात देशाच्या कार्यक्रमात गेली. २००५ मध्ये आशा योजना सुरू झाली होती. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळाच्या घरभेटींची संयुक्त शिफारस केली. २०११ मध्ये केंद्र शासनाने ‘घरी नवजात बाळाची काळजी’ हा राष्ट्रीय कार्यक्रम आशांकडे सोपवला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी, आणि घरी जन्मलेल्याला पहिल्या दिवशीही. प्रशिक्षकांना शिकवण्याचे मोठे काम ‘सर्च’ने केले. राष्ट्रीय कार्यक्रमात इंजेक्शनचा भाग आला नाही. बाळाचे वजन, ऊब, स्तनपान, धोक्याची लक्षणे हा गाभा मात्र तसाच राहिला. नागपूरच्या वस्त्यांत आज बाळंतिणीच्या दारात वजनकाटा घेऊन येणारी आशाताई दिसते, तिच्या पिशवीत गडचिरोलीच्या आरोग्यदूतांचा अनुभव आहे.

२००६ मध्ये एम.के.सी.एल.च्या सहकार्याने ‘निर्माण’ हा तरुणांसाठीचा उपक्रम सुरू झाला. शिक्षणानंतर समाजात अर्थपूर्ण काय करता येईल याचा शोध घेणाऱ्या मुलामुलींची शिबिरे शोधग्रामात होतात. त्यांतून डॉक्टर, अभियंते, शिक्षक दुर्गम भागांत गेले.

दरम्यान गावाचे आजार बदलत होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गडचिरोलीच्या खेड्यांत दर सात मृत्यूंमागे एक पक्षाघाताने होत असल्याचे दिसले. पक्षाघात हा शहरी, खात्यापित्या माणसांचा आजार ही समजूत त्याने मोडली. धानाच्या बांधीत राबणारा माणूस रक्तदाबाने पडतो, आणि त्याला आपला रक्तदाब वाढला आहे हे कधी कळलेलेच नसते.

चौथे दशक : २०१६ पासून पुढे

दारूबंदी कायद्यात आली तरी दारू गावात येतच राहिली. आणि तिच्या बरोबरीने खर्रा आला. सुपारी, तंबाखू, चुना घोटून प्लास्टिकच्या पन्नीत बांधलेला हा पदार्थ विदर्भात लहान पोरांच्या खिशातही सापडतो. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासन, टाटा ट्रस्ट आणि ‘सर्च’ यांनी मिळून ‘मुक्तिपथ’ हा जिल्हाव्यापी दारू व तंबाखू नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. जिल्ह्याच्या बाराही तालुक्यांत त्याचे कार्यकर्ते आहेत. काम चार बाजूंनी चालते: लोकांचे प्रबोधन, गावाने स्वतः संघटित होऊन विक्री थांबवणे, कायद्याची अंमलबजावणी आणि व्यसन जडलेल्यांवर उपचार.

चारही बाजू एकदम लागतात, हे या कार्यक्रमाचे मर्म आहे असे मला वाटते. नुसता फलक लावून, नुसता चित्रपट दाखवून खर्रा सुटत नाही. पण गावसभेत ठराव झाला, दुकानदाराने खर्रा ठेवणे बंद केले, शिक्षकांनी शाळेत तंबाखूमुक्तीची शपथ घेतली आणि तालुक्याच्या क्लिनिकमध्ये व्यसनी माणसाला बसवून बोलणारा कोणी भेटला, तर फलकावरचे शब्द खरे होऊ लागतात. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठली. गडचिरोलीत ती टिकली, यात गावसंघटनांच्या बायकांचा वाटा मोठा आहे. रात्री दारूच्या भट्टीवर जाऊन सडवा ओतून देणाऱ्या या स्त्रियांना धमक्या सोसाव्या लागतात. तरीही त्या उभ्या राहतात. आणि नागपूरच्या पानठेल्यांवर खर्रा घोटणाऱ्या यंत्रांचा आवाज दिवसभर चालू असताना, आपल्या शहराने गडचिरोलीकडून हे शिकायला किती उशीर लावला आहे, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. इथेही मोहल्ला समित्या आहेत, बचत गट आहेत, आशा आहेत. एखाद्या प्रभागाने सुरुवात केली तर शिकवायला गडचिरोलीची माणसे नक्की येतील.

२०१८ मध्ये डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशातल्या आदिवासींच्या आरोग्याचा अहवाल केंद्र शासनाला दिला. त्याच वर्षी दोघांना पद्मश्री मिळाली. संस्थेत आता दुसरी पिढी जबाबदारी सांभाळते आहे.

आजचे काम पाहिले तर चाळीस वर्षांपूर्वीची पद्धत नव्या आजारांना लावलेली दिसते. एकेकाळी बाळाचे वजन करणाऱ्या आरोग्यदूतांच्या हाती आता रक्तदाबाचे यंत्र आले. गावातच मोजमाप, गावातच औषध आणि मीठ-तंबाखू कमी करण्याविषयी घरात बसून बोलणे, यातून पक्षाघाताचे मृत्यू कमी होतात का, हे ६४ गावांच्या अभ्यासात तपासले गेले. माँ दंतेश्वरी दवाखान्यात शस्त्रक्रियांची शिबिरे भरतात, त्यांसाठी शहरांतले तज्ज्ञ डॉक्टर येतात. फिरता दवाखाना धानोरा तालुक्यातल्या आदिवासी गावांत जातो. तारुण्यभान, निर्माण आणि मुक्तिपथ चालू आहेत. या सगळ्यांत ज्यांनी आयुष्याची वर्षे घातली त्या दाया, आरोग्यदूत, पर्यवेक्षक, नोंदी ठेवणारे, गाड्या चालवणारे, स्वयंपाक करणारे आणि गावागावांतले प्रतिनिधी यांची नावे इथे देणे शक्य नाही. चाळीस वर्षांच्या नोंदवह्या त्यांच्या हस्ताक्षरांनी भरल्या आहेत, आणि संस्थेची पुढची आखणीही त्या नोंदींवरूनच ठरते.